टिटवीचा परवाना

“टिटवी सोडून बाकी सगळं द्या,” वृषालीताई म्हणाली आणि माझ्या हातातला कागद काढून घेऊन तिनं तो टेबलावर पालथा घातला.

आसिफनं चहाचा कप उचलला. त्यात काही उरलं नव्हतं, तरी तोंडाला लावला. धैर्यशीलसर बायकोकडे न बघता त्या पालथ्या कागदाकडे बघत राहिले.

“टिटवी काढून काय देणार, वृषाली?” शेवटी ते म्हणाले. “नदीच मुळी टिटवीमुळे आहे. ती काढली तर खेळात उरतं काय?”

“ते तू बघ. खेळ तुझा आहे.”

“खेळ कुणा एकाचा नाही. तेच तर लिहिलंय त्यात.”

“वाचलं मी काय लिहिलंय ते. म्हणूनच सांगतेय.”

ते लिहिणारी मी होते. त्या वेळी मी कराडच्या कोर्टात नुकती उभी राहायला लागले होते, आणि इतक्या सोप्या मराठीत इतका पक्का मजकूर आपण लिहिला याचा मला मनातून अभिमान वाटत होता. ‘हा खेळ कुणीही खेळावा. त्याच्या प्रती काढाव्यात, वाटाव्यात, विकाव्यात. त्यातली गावं, माणसं, नियम घेऊन नवं काही रचावं, हवा तो बदल करावा. मूळ रचणाऱ्यांची नावं द्यावीत आणि आपण केलेली भर अशीच सर्वांना खुली ठेवावी. एकदा दिलेला हा परवाना मागे घेतला जाणार नाही.’ ताईनं कागद पालथा घालण्याआधी तिचं बोट यातल्या एका ओळीवर बराच वेळ थांबलं होतं. ‘हवा तो बदल करावा.’

खेळाचं नाव ‘अठरा घाट’. याला पट नाही, सोंगट्या नाहीत. चार-पाच माणसं टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो: कुणी वैद्य होतो, कुणी दरोडेखोर, कुणी सासरहून पळालेली सरदारीण. एक जण सूत्रधार. तो समोरचं जग सांगतो, की खाली दरी आहे, पुलावर पहारा आहे, धुक्यातून कुणीतरी खाकरतंय. आपण काय करतो ते आपण सांगायचं. जमलं की नाही हे फासा ठरवतो, आणि पुढे काय झालं ते सूत्रधार सांगतो. सगळा खेळ बोलण्याचा.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. शिकत असताना पुण्यात मित्रांबरोबर ते असले इंग्रजी खेळ खेळले होते. कराडला नोकरी लागल्यावर त्यांना वाटायला लागलं, की आपल्या भाषेत, आपल्या डोंगरांत आणि नद्यांत असं काही हवं. आसिफ मुजावर त्यांच्या शेजारी राहायचा, त्याचा छापखाना होता. तो नकाशे काढायचा आणि दरोडेखोर व्हायचा. त्याच गल्लीत राहणारी मी वैद्य व्हायचे. आमचा रविवार दुपारचा हा उद्योग कितीतरी वर्षं चालला. वृषालीताई खेळत नसे. तिची पॅथॉलॉजी लॅब होती, रविवारीही सकाळभर तिथंच असायची. दुपारी आली की पोह्यांचं पातेलं टेबलाच्या मधोमध ठेवायची आणि म्हणायची, “तुमच्या सरदारणीला विचारा, लिंबू हवंय का.”

पुढे आमच्या खेळाचा बोभाटा झाला. एका मोठ्या कंपनीनं तो विकत मागितला. सर नाही म्हणाले. त्यांचं म्हणणं साधं होतं. परदेशात एका कंपनीनं अशा खेळांवरची परवानगी आवळायचं ठरवलं होतं आणि वर्षानुवर्षं त्यावर रचत आलेली माणसं एका रात्रीत हवालदिल झाली होती. “आपण विकलं आणि उद्या ते म्हणाले खेळू नका, तर आपण आपल्याच टेबलावर चोर ठरायचो,” सर म्हणायचे. त्यापेक्षा सगळंच खुलं करून टाकू. मला आणि आसिफला ते पटलं होतं. राहिली होती ती टिटवी.

टिटवी मनवाची होती.

मनवा सरांची आणि ताईची एकुलती एक. आम्ही खेळायला बसलो की ती टेबलाखाली बसून ऐकायची. खेळायला घ्या म्हणून रडायची नाही, पण कान आमच्याकडे. एका रविवारी आम्ही नदीवर अडकलो. पूल पडला होता, फासे साथ देत नव्हते, मागून सैन्य येत होतं. सरांनाही सुचेना. तेवढ्यात टेबलाखालून आवाज आला, “म्हंजे तिथं एक मुलगी असते.”

आम्ही वाकून बघितलं.

“कोण मुलगी?” सरांनी विचारलं.

“म्हंजे नाव चालवते ती. टिटवी नावाची. अकरा वर्षांची आहे. तिला पाण्याची भीती नाही वाटत.”

“भाडं काय घेते?” आसिफनं विचारलं.

मनवानं विचार केला. “गरिबांना फुकट नेते. राजांना नेत नाही.”

“का गं?”

“राजे जड असतात.”

आसिफ इतका हसला, की त्याला ठसका लागला. ताई स्वयंपाकघरातून म्हणाली, “टिटवी कसलं नाव? अशुभ असते टिटवी.” मनवा टेबलाखालून बाहेर आली. “म्हंजे आई, ती नदीकाठी अंडी घालते. कुणी आलं की ओरडते, कारण तिची पिल्लं असतात. त्यात अशुभ काय?” ताई फोडणीकडे वळली.

त्या दिवसापासून मनवा टेबलाशी बसायला लागली. टिटवीचं पान तिनं स्वतः लिहिलं, चित्रासकट. नावेत एक कोंबडी बसवली. टिटवीला काय येतं, काय येत नाही, कुणाशी कट्टी आहे, सगळं लिहिलं. आम्ही नदीवर आलो की सर गप्प व्हायचे आणि मनवा बोलायची.

त्या वर्षी गणपती उठले आणि तिला ताप आला. डेंग्यू होता. रक्ताचे नमुने ताईच्याच लॅबमध्ये यायचे. रोज घटत चाललेल्या प्लेटलेट ती स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची आणि रिपोर्टवर सही करायची, कारण सही करणारी डॉक्टर तीच होती. शेवटच्या रिपोर्टवर तिनं सही केली, तोवर मनवा गेली होती; तो न्यायला कुणी येणार नव्हतं.

त्यानंतर टेबलावर खेळ मांडला गेला नाही. आम्ही जायचो, बसायचो, कॉलेजच्या, कोर्टाच्या गोष्टी करायचो, उठायचो. मग वर्षभरानं एकदा सरांचा फोन आला, “रविवारी फासे घेऊन या.” या काळात त्यांनी सगळा खेळ लिहून काढला होता, नियम, गावं, घाट, माणसं. त्या रविवारी खेळता खेळता आम्ही नदीवर पोचलो. मी म्हटलं, आता सर पूल सांगतील. सरांनी क्षणभर डोळे मिटले आणि अगदी तिच्या आवाजात म्हणाले, “म्हंजे तुम्ही परत आलात?”

आसिफच्या हातातला फासा जमिनीवर पडला. तो उचलायला वाकला, तो बराच वेळ वर आला नाही.

तर त्या परवान्याच्या दिवशी टेबलावर हे सगळं बसलेलं होतं.

“कुणीही तिचं काहीही करेल,” ताई म्हणाली. “बदल करावा म्हणजे काय? मारूनही टाकतील तिला. कुठल्यातरी गावात कुठल्यातरी पोरांच्या टेबलावर फासा वाईट पडला की ती मरणार. पुन्हा. आणि मला कळणारही नाही. बरोबर ना, नीलू?”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “हो. तसं करायची मुभा असेल.”

“आणि थांबवता येणार नाही?”

“नाही. एकदा दिलं की दिलं.”

“झालं तर.”

“वृषाली,” सर म्हणाले, “आपल्याकडे ठेवून तरी काय होणार आहे? पानावर पडून राहील ती.”

“राहू दे ना. निदान पानावर तरी राहू दे.”

सर उठून उभे राहिले. “हे पान खेळाचा भाग आहे. खेळ आम्ही तिघांनी केला आहे. आम्ही तिघं ठरवू.”

माझ्यातल्या वकिलाला तिथं बोलावं लागलं. “सर, टिटवी आपली नाही. ती मनवानं रचली, लिहिली, चित्र काढलं. ती मनवाची. आणि मनवाच्या मागे...” मला पुढचा शब्द उच्चारवेना. “कायद्यानं ती तुम्हा दोघांकडे येते. सारखीच. दोघांचीही सही लागेल.”

ताईनं माझ्याकडे असं बघितलं, की अजूनही ते आठवतं. “कायद्यानं तरी,” ती म्हणाली. मग खुर्ची मागे सारून उठली. “मग माझी सही नाही.” ती आत गेली, आणि आतून नळ सोडल्याचा आवाज यायला लागला.

सर मला रागावले नाहीत. नुसते म्हणाले, “तू बरोबर केलंस. पण आज नसतीस बोललीस तरी चाललं असतं गं.”

मी तोडगा काढायचा प्रयत्न केला. असल्या परवान्यांत काही भाग राखून ठेवता येतो. नियम, गावं, घाट सगळ्यांना खुले; टिटवी मात्र राखीव, तिला कुणी हात लावायचा नाही. मी तसं कलम लिहून नेलं. ताई म्हणाली, चालेल. सर म्हणाले, बघतो. पण त्यांच्याकडून नदीचं प्रकरण पुरं होईना. टिटवीशिवाय नदी लिहायला बसायचे आणि उठायचे. आसिफ छापायला तयार होऊन बसला होता. एकदा कोर्टाच्या आवारात मला गाठून तो म्हणाला, “नीलू, काम थांबलं तर थांबू दे. पण सर बघ कसे दिसायला लागलेत. गालफडं बसली. कॉलेजातनं दुपारीच घरी येतात म्हणे आणि खोलीत बसतात दार लावून. माझी बायको विचारत होती, सर आजारी आहेत का म्हणून.”

मी विचारायला गेले तर सर म्हणाले, “लिहितोय.”

असं करत उन्हाळा आला. एका दुपारी, उन्हानं रस्ता ओस पडलेला असताना, वृषालीताई माझ्या ऑफिसात आली. ती कधी यायची नाही. डोक्यावरचा स्कार्फ काढून तिनं घडी करून मांडीवर ठेवला.

“ते राखीवचं कलम काढून टाक,” ती म्हणाली. “सगळं खुलं कर. मी सही करते.”

“ताई, घाई नको. नीट विचार...”

“विचार करून आले आहे. पाणी दे आधी.”

तिनं पाणी पिऊन पेला खाली ठेवला. मग म्हणाली, “तो एकटाच खेळतो, माहितीये? खोलीत. दोघांची बोलणी एकटाच बोलतो. आधी प्रवासी होतो, मग टिटवी. आज दुपारी दारापाशी गेले तर आतून आवाज आला. प्रवासी विचारतोय, ‘ताप आहे का गं अजून?’ आणि ती म्हणते, ‘म्हंजे आता नाहीये. आता गार वाटतंय.’”

खिडकीतून येणाऱ्या झळीनं टेबलावरचे कागद हलत होते. मी ते धरून ठेवले.

“मी दार उघडलं,” ताई पुढे सांगायला लागली. “तो दचकला नाही. मी विचारलं, हे काय चाललंय? तर म्हणाला, ‘मी दमलो आहे, वृषाली. ती तेवढंच बोलते जेवढं मी तिच्या तोंडी घालतो. एक शब्द जास्त बोलत नाही. मला तिच्याकडून असं एक वाक्य ऐकायचं आहे, जे मी रचलेलं नाही. कुणीही रचू दे. वाईट रचू दे. पण मी नको.’”

तिनं स्कार्फची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

“इतके दिवस हे बोलला नव्हता. खेळ सगळ्यांचा, ज्ञान सगळ्यांचं, असलंच काहीतरी सांगत होता. मी त्याच्याशी त्यावर भांडत बसले.” तिनं हात पुढे केला. “पेन दे.”

“टिटवीला मारू नये एवढी अट घालता येते, ताई. मी लिहून देते.”

“नको. अट घातली, की कोण पाळतंय, कोण नाही, हे आम्ही बघत बसणार. म्हणजे ती परत आमच्याच घरात.”

तिनं सही केली. तिची सही डॉक्टरांसारखी, न लागणारी. पण त्या दिवशी तिनं पूर्ण नाव लिहिलं, सावकाश. उठताना स्कार्फ खाली पडला, तो मी उचलून दिला. दारात ती वळून काहीतरी म्हणणार होती. मग तसंच जाऊ दे, असं हातानं सांगून पायऱ्या उतरली.

पावसाळा संपता संपता ‘अठरा घाट’ बाहेर पडला. छापील प्रती आसिफनं काढल्या. बाकी ज्याला हवं त्यानं संगणकावरून उतरवून घ्यावं. रचणाऱ्यांच्या नावांत चौथं नाव मनवा थोरात असं होतं. त्यापुढे आम्ही काहीच लिहिलं नाही.

पहिलं वर्ष शांततेत गेलं. मग बेळगावच्या काही मंडळींनी आपल्याकडचे घाट घालून भर काढली. नांदेडहून एक आली. अमरावतीच्या एका शिक्षिकेनं शाळेतल्या मुलांसाठी सोपे नियम केले, त्यात टिटवीच्या नावेत एक शेळी वाढली होती. सर हे सगळं वाचायचे, ताईला दाखवायचे. शेळीचं वाचून ताई हसली होती, असं त्यांनी मला फोन करून सांगितलं. जणू ती हसली ही बातमीच होती.

मग एक भर आली, ती कुणी केली ते नाव आता सांगत नाही. भयकथा होती. टिटवीला पुरात दरोडेखोरांनी बुडवलेलं, तिची हडळ झालेली, आणि रात्री नदी ओलांडणाऱ्यांना ती तळाशी ओढते. चित्रही होतं. सरांनी ते ताईपासून लपवलं. पण कॉलेजच्या कुणीतरी कौतुकानं तिलाच पाठवलं, तुमचा खेळ किती पुढे गेला बघा म्हणून.

मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेले होते. ताईनं चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. सर समोर उभे होते.

“मी त्यांना लिहितो,” ते म्हणाले. “विनंती करतो. परवाना असला म्हणून काय झालं, माणसं आहेत, समजतील.”

“नाही लिहायचं.”

“अगं पण...”

“सही केलीय आपण.” तिनं चष्मा काढला. “शुद्धलेखन फार वाईट आहे मात्र.” एवढं बोलून ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला लागली. कणीक झाली तरी मळत राहिली. सर तिच्यामागे गेले नाहीत. मला वाटलं जावं, पण ते गेले नाहीत.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी पुण्यात अशा खेळांचा एक मेळा भरला. एका शाळेचं सभागृह, टेबलंच टेबलं, दोन दिवस माणसं नुसती खेळत होती. आसिफनं गाडी काढली आणि आम्ही चौघं गेलो. सरांनी आयोजकांना आपण येतोय हे कळवलं नव्हतं. कुणी आम्हाला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. मधल्या ओळीत एका टेबलावर ‘अठरा घाट’ची पाटी होती. सूत्रधार एक मुलगी होती, राजश्री बिराजदार, मूळची लातूरकडची, पुण्यात फार्मसी करणारी. आम्ही मागे उभे राहून बघायला लागलो. तिनं मान वर करून सरांना म्हटलं, “काका, एक जागा रिकामी आहे. बसता का?”

आमच्यात सर कायम सूत्रधारच असायचे. दुसऱ्याच्या टेबलावर खेळाडू म्हणून बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. ते बसले. ताई बसली नाही, मागे भिंतीशी उभी राहिली.

“तुम्ही कोण व्हणार?” राजश्रीनं विचारलं.

“प्रवासी,” सर म्हणाले.

खेळ आधीच निम्मा झाला होता. थोड्या वेळात मंडळी नदीवर पोचली. राजश्रीनं नदी छान सांगितली. मग म्हणाली, “नावेत एक बाई उभी हाय. पंचविशीची असंल. उन्हानं रापलेली, पदर खोचलेला.” आणि आवाज न बदलता, आपल्याच लातुरी बोलीत, सरळ सरांकडे बघून तिनं विचारलं, “कुठं जायलाव, काका?”

सरांनी तोंड उघडलं आणि मिटलं. टेबलावरची पोरं त्यांच्याकडे बघायला लागली. नवीन माणूस आहे, गोंधळलाय, असं त्यांना वाटलं असणार.

“पलीकडे,” सर म्हणाले.

“बसा मग. मधी बसा, कडंला नको.”

ती वल्हवत निघाली. बाकीचे पुढच्या किल्ल्याच्या बेतात होते, कुणी दोर मोजत होतं, कुणी बाण. सरांनी मध्येच विचारलं, “टिटवी, घरी कोण आहे तुझ्या?”

खेळात असं कुणी विचारत नाही. नावाडी ही पलीकडे पोचायची सोय असते. राजश्री हातातला फासा फिरवत क्षणभर थांबली. ती काही पाठ केलेलं सांगणार नव्हती. तिथल्या तिथं रचत होती, हे आम्हाला दिसत होतं.

“हायत की,” ती म्हणाली. “आई हाय, बाप हाय. पर मी लई जात नाही तिकडं. मला हितंच बरं वाटतंय.” मग लगेच, “उतरा काका, पलीकडं आलं. संभाळून.”

सर खुर्चीतून उठले.

“अहो काका, खेळ राहिलाय अजून. किल्ला आता लागंल,” राजश्री म्हणाली.

“मी उतरलो, बाळ,” सर म्हणाले. “छान सांगतेस तू.”

टेबलावर पुढचा फासा पडला. किल्ल्यावर हल्ला सुरू झाला. नदी मागे पडली, नावाडीण मागे पडली, कुणाला तिची आठवणही राहिली नाही. सर आणि ताई त्या गर्दीतून एकामागोमाग एक चालत बाहेर गेले. आवारातल्या कडुनिंबाखाली ते शेजारी शेजारी उभे होते. आसिफ मला म्हणाला, “राहू दे, नको जाऊस.” आम्ही लांबूनच बघितलं. परतीच्या वाटेवर साताऱ्याच्या पुढे आसिफनं चहाला गाडी थांबवली, तेव्हा सर म्हणाले, “लातूरची झाली ती,” आणि हसले. मला बरं वाटलं. मला वाटलं, हे इथंच नीट संपलं.

त्यानंतर काही महिन्यांनी मी थायरॉइड तपासायला ताईच्या लॅबमध्ये गेले. हाताखाली तंत्रज्ञ असूनही रक्त ती स्वतःच घ्यायला बसली. दंडाला पट्टा बांधता बांधता तिनं माझ्या आईची चौकशी केली. मी सरांची केली.

“बरा आहे. वजन भरलंय थोडं. झोप लागते आता.” सुई कधी आत गेली ते कळलंही नाही. “पुण्याहून आल्यापासून त्याचं ते बोलणं बंद झालं. खोलीत जातच नाही. दार उघडंच असतं.”

“बरं झालं ना, ताई.”

नळीत रक्त चढत होतं, ती त्याकडे बघत होती.

“तुला काय वाटतं, मी तेव्हा सहीला नकार का देत होते?”

“तिचं कुणी काही वाईट करेल म्हणून. आणि तसं झालंच की.”

“ते होतंच.” तिनं सुई काढून कापूस दाबला. “पण त्याच्या आधीपासून, नीलू, कितीतरी महिने, मी दुपारी लॅब बंद करून घरी जायचे. तो खोलीत आणि मी बाहेर, दारापाशी जमिनीवर. ऐकायला. त्याला ती अगदी जमायची गं. ‘म्हंजे’ म्हणताना ती जरा श्वास घ्यायची बघ, तोसुद्धा. त्याला ठाऊकही नव्हतं मी बसलेय ते.”

मी कापसावर बोट दाबून धरलं.

“त्या दिवशी मी दार उघडलं ना, ते पहिल्यांदाच. उघडलं की हे बंद होणार, आज ना उद्या, हे मला कळत होतं.”

“मग का उघडलंस?”

“तो खंगत चालला होता. डोळ्यांदेखत. असं होताना एकदा बघितलं होतं मी.” तिनं नळीवर माझं नाव लिहिलं, टोपण लावलं. “दोघांनाही तीच हवी होती. त्याला नवं ऐकायचं होतं. मला तेच, जुनं, पुन्हा पुन्हा चाललं असतं. मरेपर्यंत चाललं असतं.”

“सरांना हे माहीत आहे?”

“नाही. आणि तू सांगायचं नाहीस.” तिनं कापसावर पट्टी चिकटवली आणि माझा हात कोपरात मिटवून दिला. “असाच धरून ठेव थोडा वेळ,” ती म्हणाली, आणि बाहेर बसलेल्या पुढच्या पेशंटला तिनं हाक मारली.